एका दाताची चूक

मुंजाजी मिस्त्रीचं एकुलतं एक पोरगं सहा वर्षं घरी आलं नाही, ते माझ्या इंजनापायी. आखाडा बाळापुरात कुणालाही विचारा, हेच सांगतील. लोक सांगतात ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला ठाऊक होतं आणि मी ते सहा वर्षं तोंडात धरून बसलो होतो. लिहायला बसलोय मुंजाजीवर, पण मधे मधे माझं नाव येणार, त्याला इलाज नाही.

मुंजाजी आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढं मी शेतात गेलो आणि तो नांदेडला एका उस्तादाकडं इंजनाचं काम शिकायला गेला. परत आला तो ऐटीत. नांदेड रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं, पाटी लावली नाही. गिऱ्हाईक आलं की मला ‘किसनराव, तुमी’ म्हणायचा, आणि दोघंच असलो की ‘किसन्या’. चिडका इतका की, स्पॅनर हातातून निसटला तर स्पॅनरलाच शिव्या. पण कळमनुरी तालुक्यातल्या विहिरींवर, गिरण्यांवर जेवढी जुनी डिझेल इंजनं होती, त्यातली निम्मी तरी त्याच्या हाताखालून गेलेली.

त्याचं सगळं काम कानावर चालायचं. दीड हात लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग मान डोलायची, भजनाला बसलेल्या माणसासारखी. दोन मिनिटांनी डोळे उघडून सांगायचा, अमुक ठिकाणी अमुक झालंय. खोलून बघावं तर तसंच. आणि दुसरी गोष्ट म्हणजे चहा. इंजन चालू झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. एकदा दाती फाट्याकडच्या एका वस्तीवर त्याला तीन दिवस लागले. भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, पण चहाला हात लावला नाही. त्या घरची बाई शेवटी म्हणाली की मिस्त्री, आमच्या चहात काय इख हाय का? मुंजाजी म्हणाला, चहा कामाचा असतो वहिनी, वाट बघण्याचा नसतो.

माझं इंजन एका सिलिंडरचं, दहा हॉर्सपॉवरचं. त्यावर हळद घासायचा लोखंडी ढोल फिरतो. हळद शिजवून वाळवली की तिला वरची साल आणि मुळ्या राहतात. ढोलात घालून घासली की मग ती बाजारात न्यायजोगी पिवळी निघते. आता सगळ्यांनी ट्रॅक्टरवरचे ढोल घेतले आहेत. मला पोरं म्हणतात, ते भंगार विका. मी विकत नाही. हट्टी आहे म्हणा, किंवा आणखी काही म्हणा.

इंजनाशेजारी पाण्याचं बॅरल असतं. बॅरलमधलं गार पाणी नळीनं इंजनात जातं, इंजनाची उष्णता घेतं आणि गरम होऊन परत बॅरलमध्ये पडतं. दोन तास इंजन चाललं की त्या पाण्यात हात घालवत नाही. फाल्गुन-चैत्रात आमच्या घरी कुणी चूल पेटवून पाणी तापवत नाही, सगळ्यांच्या आंघोळी त्या बॅरलवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

दुसरं सांगायचं ते दातांविषयी. इंजनाच्या पोटात एक छोटं दातेरी चाक असतं आणि त्याला अडकलेलं एक मोठं. छोटं फिरलं की मोठं फिरतं. मोठ्याच्या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्या दांड्यावरचे उंचवटे व्हॉल्व उघडतात, मिटतात आणि डिझेलचा पंपही दाबतात. म्हणजे इंजनानं श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे त्या दांड्याच्या हातात. दोन्ही चाकांवर कंपनीनं एकेक ठिपका मारलेला असतो. बसवताना ठिपक्याला ठिपका भिडवायचा, की टाइमिंग जमलं. एक दात इकडं-तिकडं झाला तर इंजन धूर ओकतं, हँडल मारून माणूस अर्धा होतो आणि ढोल ओढत नाही.

माझ्या इंजनातलं छोटं चाक पूर्वी एकदा फुटलं होतं. मुंजाजीनं नांदेडहून दुसरं आणून बसवलं. तेव्हापासून इंजन जरा धुरकटच. मुंजाजी म्हणायचा की हळदीची धूळ खातंय, धूर काढणारच. तो पंपाखालची एखादी पातळ पत्री कमी करायचा, टॅपेट म्हणजे व्हॉल्वाची ठोकणी थोडी सैल ठेवायचा, कान लावायचा आणि इंजन चालतं करून द्यायचा. मला तेवढं पुरत होतं.

स्वप्निल त्याचा मुलगा. शांत पोरगं. बापाच्या आवाजात आवाज घालायचं नाही, पण डोळे सगळीकडं. त्यानं कळमनुरीला आयटीआय केलं आणि मग बापाच्या दुकानात बसायला लागला. मुंजाजीला त्याचं कौतुक होतं. तोंडावर मात्र कधी बोलला नाही. तोंडावर बोलायचा ते असं, की पुस्तकातलं इंजन कधी पाणी उपसत न्हाई. पोरगं नुसतं हसायचं.

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझं कॅमशाफ्ट घासलं. मुंजाजी साडूच्या लेकीच्या लग्नाला परभणीला गेला होता, चार दिवस येणार नव्हता. माझी हळद अंगणभर पडलेली, वर आभाळ आलेलं. मी स्वप्निलला घेऊन आलो. त्यानं नवं कॅमशाफ्ट बसवलं, ठिपक्याला ठिपका भिडवला, इंजन चालू केलं, आणि तोंड वाकडं केलं. मग पुन्हा खोललं. पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवला, दोन्ही व्हॉल्वांच्या ठोकणीवर दोन बोटं ठेवली आणि मोठं चाक जरासं मागं-पुढं हलवत राहिला. मी विचारलं, हे काय करून राहिला? म्हणाला, काका, इथं एक मिटायला आलेला पाहिजे अन् दुसरा उघडायला लागलेला, तराजूच्या पारड्यासारखे. हे सारखे न्हाईत. छोट्या चाकावरचा ठिपकाच एक दात सोडून मारला हाय.

त्यानं सेंटर पंच घेतला आणि शेजारच्या दातावर स्वतःचा एक बारीक ठिपका मारला. तो भिडवून इंजन बसवलं. पहिल्याच हँडलला चालू झालं. सायलेन्सरकडं बघितलं तर धूर नाही. इतक्या वर्षांत मी माझ्या इंजनाचा असा आवाज ऐकला नव्हता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो की बापापेक्षा सवाई निघाला रे. आठ दिवस मी गावभर तेच सांगत फिरलो.

नवव्या दिवशी बाळापूरचा बाजार होता. इंजन लावलं, ढोलात हळद भरली आणि म्हटलं, आता काय, दोन तास बघायला नको. बाजारात गेलो. दोन माणसं भेटली, मग चार भेटली, गप्पांना मी काही कमी नाही. परत आलो तर इंजन बंद. हँडलला हात घातला तर हलेना. बॅरलची खालची नळी निसटली होती, सगळं पाणी वाहून ढोलाखाली चिखल झाला होता. बॅरल कोरडं ठणठणीत. इंजन पाण्याविना तापून पिस्टननं सिलिंडर धरला होता.

तेव्हा मी काय केलं ते लिहितो. नळी पुन्हा चढवली, वायरनं आवळली. हौदातून बादल्या आणून बॅरल भरलं. चिखलावर हळदीचा भुसा टाकला. मग मुंजाजीला फोन केला, की तुझ्या पोरानं बसवलेलं इंजन जाम झालं. असं काहून केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ढोलात दुसऱ्या तिघांची हळद होती, फोन करेपर्यंत ते येऊन उभे राहिले होते. बाजारात गप्पा ठोकत बसलो होतो हे त्यांच्यासमोर सांगायची लाज वाटली, एवढंच असावं. एवढ्याशा लाजेची केवढी किंमत दुसऱ्यानं दिली.

मुंजाजी आला, पाठोपाठ स्वप्निल. पिस्टनवर ओरखडे होते. तापल्याचे ओरखडे, ते कुठल्याही मिस्त्रीला कळतात. पाणी बघितलं तर बॅरल भरलेलं. तेल बघितलं तर बरोबर. मग मुंजाजीनं टाइमिंगचं झाकण काढलं आणि थांबला. कंपनीचे ठिपके एकमेकांसमोर नव्हते.

त्यानं पोराकडं बघितलं. पोरगं म्हणालं, “बाबा, गिअरवरची खूण चुकलेली हाय. बोटं ठेवून बघा एकदा.” मुंजाजीनं बघितलं नाही. चार माणसांत त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणाला, “चाळीस वर्षं मी हीच खूण भिडवून राहिलो. कंपनी चुकली अन् तू बराबर? आजपासून माझ्या हत्याराला हात लावायचा न्हाई.”

 स्वप्निलच्या हाताला तेल लागलेलं होतं. तो बॅरलकडं गेला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग हात बाहेर काढून पँटला पुसला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं हात धुतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं खरं, पण तो काही बोलला नाही, मग मी पण नाही बोललो. तो फाट्याकडं चालत गेला. संध्याकाळपर्यंत कळलं की नांदेडच्या गाडीत बसला.

नांदेडहून तो पुण्याकडं चाकणला गेला, कुठल्याशा कंपनीत लागला. रविवारी आईला फोन करायचा. मनकर्णा वहिनी फोनवर बोलायला लागली की मुंजाजी उठून बाहेर जायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. फोन संपला की आत येऊन विचारायचा, जेवण काय केलंय? पोराविषयी एक शब्द नाही. पण दसऱ्याला हत्यारांची पूजा मांडायचा तेव्हा पोराचा सेंटर पंच पुसून मधोमध ठेवायचा. त्याला कुंकू लावायचा. वहिनी एकादशीला नरसीच्या देवळाला जायला लागली. एकदा मला बाजारात भेटली आणि म्हणाली, “भाऊजी, तुमच्या इंजनानं माझं लेकरू नेलं.” मी भाजी घेत होतो. वांगी तशीच टाकून घरी आलो आणि बायकोवर चिडलो.

इंजन मुंजाजीनं दुरुस्त करून दिलं होतं. नवा पिस्टन टाकला, कंपनीचे ठिपके भिडवले, पंपाखालची पत्री काढली, कान लावला. धूर पुन्हा सुरू झाला. मी बोललो नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

या सहा वर्षांत तो म्हातारा झाला. आवाज मात्र चढत गेला. दुकानात गेलं की पार रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ऐकू जाईल असा बोलायचा. आम्ही थट्टा करायचो की मिस्त्री, आमी काय बहिरे हाव का? तो हसायचा. थट्टा कुणाची चालली होती, ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. कामं कमी झाली होती, त्यामुळं त्याच्या हातून काही बिघडतंय हे पण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा कॅमशाफ्ट गेलं. हळदीची धूळ तेलात उतरते, उंचवटे खाते. मुंजाजी नवं कॅमशाफ्ट घेऊन आला. ठिपक्याला ठिपका भिडवला, झाकण लावलं, हँडल मारलं. दहादा मारल्यावर इंजन कसंबसं उठलं. पांढरा धूर इतका की समोरचा गोठा दिसेना. ढोल दोन फेरे घ्यायचा आणि आचके द्यायचा. मुंजाजीनं पत्र्या बदलल्या, टॅपेट बदलले. पूर्वी अर्ध्या तासात त्याचं हे काम व्हायचं. त्या दिवशी दुपार गेली, दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली. चहा दोनदा आला, दोनदा परत गेला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला त्यानं इंजन चालू केलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मान डोलायला लागली. मी समोर बसलो होतो. इंजनानं दोन-तीन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. चाक थांबलं. झाडावरचं पाखरू ऐकू यायला लागलं. मुंजाजी डोळे मिटून अजून मान डोलवत होता.

मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. शेवटी त्यानं डोळे उघडले, थांबलेलं चाक बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. पोत्यावर बसला आणि म्हणाला, “दोन वर्षं झाली, किसन्या. मनकर्णेशिवाय कुणाला म्हाईत न्हाई. तिला शपथ घातली हाय.”

मला रडू आलं, हे लिहायला कसली लाज. ज्या माणसानं आयुष्यभर कानाचं खाल्लं त्याचे कानच गेले. आणि ते गेले कशानं, तर त्याच इंजनांनी, ज्यांना तो कान लावून बसायचा.

 मग तो स्वतःशीच बोलल्यासारखं, पण मोठ्यानं म्हणाला की आता कान न्हाई तर बोटं हाईत. स्वप्निल बोटं ठेवून बघ म्हणायचा. त्यानं चाक फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणला. वरचं झाकण काढलं. दोन ठोकणींवर दोन बोटं ठेवली आणि चाक जरा पुढं, जरा मागं हलवायला लागला. अगदी तसंच, जसं पोरानं केलं होतं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

मग त्यानं टाइमिंगचं झाकण काढलं. छोट्या चाकावरचं काळं तेल सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. कंपनीच्या ठिपक्याशेजारच्या दातावर दुसरा बारीक ठिपका होता. तेलाखाली सहा वर्षं तो तिथंच होता. मुंजाजीनं पिस्टन बदलला तेव्हा त्याला तो दिसला नव्हता असं नाही. तेव्हा त्यानं तो पोराचा गुन्हा म्हणून बघितला होता.

त्यानं त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. कॅमशाफ्ट एक दात सरकवलं, पोराचा ठिपका भिडवला. पंपाखालच्या पत्र्या जशा कंपनीनं सांगितल्या तशा घातल्या, टॅपेट गेजनं मोजून घेतले. माझ्याही तेव्हा ध्यानात आलं की हा इतकी वर्षं पत्र्या काढून आणि टॅपेट सैल करून त्या चुकीच्या खुणेवर पांघरूण घालत होता. त्याचा कान इतका चांगला होता की चूक दिसूच देत नव्हता. कान वाईट असता तर ती पहिल्याच वर्षी सापडली असती.

हँडल एकदा मारलं आणि इंजन चालू झालं. मुंजाजीनं झाकणावर तळहात ठेवला. त्याला ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळलं असावं. सायलेन्सरकडं बघितलं, तिथं धूर नव्हता. ढोल भरला. ढोल गुमान फिरायला लागला. तासभर तो तिथंच उभा राहून बघत होता. मग म्हणाला, “पोराला फोन लाव.”

स्वप्निलचा नंबर वहिनीकडून घेऊन मी सहा वर्षं ठेवला होता, लावला कधी नव्हता. रविवार होता, त्यानं लगेच उचलला. मी काही बोलायच्या आत मुंजाजीनं फोन हिसकून घेतला आणि गावाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलला, “स्वप्निल, बाबा बोलून राहिलो. त्या इंजनाची तुझी खूण बराबर होती. गिअर गलत होता, अन् तो मीच आणलेला. मी चुकलो, लेकरा.” आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, काय म्हणतो बघ, येतो का ते मला सांग.

 पलीकडून आवाज आला, “काका, बाबा असे ओरडून काहून बोलून राहिले?” मी सांगितलं, त्याला ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. तो म्हणाला, “मला कुणी सांगितलं न्हाई.”

इंजन माझ्यामागं चालू होतं. तोच आवाज, सहा वर्षांपूर्वीच्या त्या आठ दिवसांचा. मला राहवलं नाही. मी फोन घेऊन चार पावलं बाजूला गेलो. खरं तर जायची गरज नव्हती, ज्याच्यापासून लपवायचं त्याला ऐकूच येत नव्हतं. मी म्हणालो की स्वप्निल, त्या दिवशी तुझ्या खुणेची काही चूक नव्हती, आणि तापण्याचं कारण टाइमिंग नव्हतंच, त्या दिवशी बॅरलमध्ये...

“म्हाईत हाय, काका,” तो म्हणाला. “पाणी गार होतं.”

 मी ढोलाच्या खांबाला धरलं. मला आठवला तो कोपरापर्यंत पाण्यात घातलेला हात. इंजन तापून जाम झालेलं आणि बॅरलमधलं पाणी गार. मुंजाजीनं फक्त बॅरल भरलंय का तेवढं बघितलं होतं. पोरानं हात घालून बघितला होता.

मी विचारलं, मग बोलला काहून न्हाई?

“तुमी बोलाल असं वाटलं,” तो म्हणाला. “दोन दिवस नांदेडच्या स्टँडवर थांबलो होतो. वाटलं, काका बाबाला सांगतील अन् बाबा बोलवून घेईल.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी विचारलं, आता तिकडं इंजनाचंच काम करतोस ना? म्हणाला, न्हाई, पॅकिंगला हाय, खोकी भरतो. इंजनाला त्यानंतर हात लावला न्हाई. बाबाला काय सांगू म्हटलं, तर म्हणाला, “ते खूण बराबर होती म्हणले, माझं तेवढंच होतं. बाकी तुमचं तुमी बघा.” आणि फोन ठेवला.

मागं वळलो तर मुंजाजी माझ्या तोंडाकडं बघत होता. लहान पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं. “येतो म्हणला का?” त्यानं विचारलं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, मी सांगेन ते खरं. त्याच घटकेला माझी बायको दोन कप चहा घेऊन आली. इंजन चालू झालं होतं, चहाचा नेम पुरा झाला होता. मुंजाजीनं कप हातात घेतला.

नव्या कॅमशाफ्टचं खोकं तिथं पडलं होतं. पोत्यांवर नाव टाकायचा मार्कर खिशात होता. मी खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: त्या दिवशी बॅरल कोरडं होतं. मी बाजारात होतो. तू यायच्या आधी मी पाणी भरलं. पोराला तेव्हाच कळलं होतं.

खोकं त्याच्यापुढं धरलं. त्यानं सातवीतल्यासारखं एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. शेवटपर्यंत आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कप खाली ठेवला. बॅरलपाशी गेला, पाण्यात हात घातला. तासभर इंजन चाललं होतं, पाणी चांगलं कढत झालं होतं. हात त्यानं लगेच बाहेर काढला नाही. बायको ओरडली, पण ते त्याला ऐकू कुठं जाणार? मी जाऊन त्याचा हात धरून बाहेर ओढला, तर तो लाल झाला होता. त्यानं माझ्या हातातून तो हळूच सोडवून घेतला.

एकेक हत्यार पुसून त्यानं पिशवीत भरलं. लांब स्क्रू-ड्रायव्हर मात्र इंजनाशेजारीच ठेवला. मी म्हणालो, गाडीवर सोडतो. मग मलाच आठवलं की त्याला ऐकू येत नाही. तो फाट्याकडं चालत गेला, पोरगं गेलं होतं त्याच वाटेनं. कपात चहा तसाच होता. माझ्या घरचा चहा त्यानं काम झाल्यावर सोडला, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

त्याला आता तीन महिने झाले. वहिनी सांगते की रविवारी फोन आला की मुंजाजी बाहेर जात नाही. शेजारी बसतो, मोठ्यानं चार वाक्यं बोलतो आणि पोरगं काय म्हणालं ते वहिनीच्या ओठांवरून बघतो. स्वप्निल येईन म्हणतो, पण कधी ते म्हणत नाही. येताना कानाचं यंत्र आणतो म्हणाला, तर मुंजाजीनं सांगितलं की आता ऐकण्यासारखं काय राहिलंय, तू ये म्हणजे झालं.

मी दोनदा त्याच्या दुकानासमोर जाऊन आलो. एकदा आत गेलो, स्क्रू-ड्रायव्हर परत द्यायला. त्यानं तो घेतला, भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, “बसा, किसनराव.” आम्ही दोघंच होतो. मी थोडा वेळ बसलो आणि उठून आलो.

इंजन चांगलं चालतं. धूर नाही, एका हँडलला उठतं. पोरं म्हणतात विका, मी नाही विकणार. ते चालू असलं की मी कुठं जात नाही. खुर्ची टाकून बसतो आणि दर थोड्या वेळानं उठून बॅरलमध्ये हात घालून बघतो.